लाईन आली, लाईन गेली



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला कोणताही विषय वर्ज्य नाही. ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सारे काही येथे बोलले जाते, आणि वैशाखातल्या उकाड्यात आपण ते शांतपणे ऐकून घेता. या सहनशीलतेचा फायदा घेऊन आम्ही आज एका तीन अक्षरी इंग्रजी शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द आहे 'लाईन'. एवढ्याशा शब्दावर व्याख्यान काय द्यायचे, असे कोणाच्या मनात येईल. परंतु आम्ही शहापूर-मुरबाडकडची माणसे. आमच्या मुलखात या शब्दावाचून दिवस उजाडत नाही आणि मावळतही नाही. पहाटे कसारा लाईनची गाडी, सकाळी पाण्याची लाईन, दुपारी रेशनची लाईन, संध्याकाळी 'लाईन गेली' म्हणून अंधार, आणि रात्री मोबाईल हातात धरून 'लाईन लागत नाही' ही तक्रार. ज्या शब्दावर माणसाचा सारा दिवस टांगलेला आहे, त्याची थोडी चौकशी करणे वावगे ठरू नये.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या धाग्यापासून तागे विणतात, तेच लिननचे कापड. त्या धाग्याला लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणत, आणि इंग्रजी 'लाईन' हा त्याच घराण्यातला. म्हणजे मुळात लाईन ही कागदावरची रेघ नव्हे. ती दोन ठिकाणांमध्ये ताणलेली दोरी आहे. दोरी ताणायची, तिच्या आधाराने सरळ जायचे, आणि मग त्या सरळपणालाही तेच नाव द्यायचे, असा हा अर्थाचा प्रवास आहे.

आता गंमत पाहा. हाच प्रवास आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेलेला आहे. संस्कृतात सूत्र म्हणजे धागा. त्यावरून सूत्रधार, आणि सूत्रधाराचा आपला सुतार. सुतार काव लावलेली दोरी फळीवर ताणतो, टिचकी मारतो आणि सरळ रेघ उठवतो; गवंडी ओळंबा सोडतो. 'सुतासारखा सरळ करीन' असे वडील माणसे पोराला दटावीत. आजचा बाप त्याच मुलाला 'लाईनीवर आणीन' म्हणतो. दोन माणसांचे जुळले की आपण 'सूत जमले' म्हणत आलो. आजची तरुण मंडळी त्याच व्यवहाराच्या आरंभाला 'लाईन मारणे' म्हणतात. थोडक्यात, इंग्रजाने आपल्याला नवे काही दिले नाही. आपलेच सूत त्याने आपल्या गळ्यात पुन्हा बांधले.

सरकारी बांधकामाच्या भाषेत 'लाईनदोरी' असा एक शब्द आहे. रस्ता किंवा गटार कोठून न्यायचे याची आखणी म्हणजे लाईनदोरी. लाईन म्हणजे दोरी आणि दोरी म्हणजेही दोरी! पावरोटीसारखाच हा जोडशब्द. पण त्याला हसू नये. इंग्रजी शब्द दारात आला तेव्हा कोणा मुकादमाने त्याच्या शेजारी आपला शब्द उभा करून, हा आपलाच सोयरा आहे अशी ओळख पटवली. भाषा अशीच वाढते.

आणखी एक लक्षात घ्या. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. मराठीने त्याला स्त्रीलिंगी केले. ती लाईन, त्या लाईनी. कारण ज्या ज्या मराठी शब्दांच्या जागी ती येऊन बसली ते पाहा: ओळ, रांग, रेघ, दोरी, तार, वाट. सगळ्या स्त्रिया. नव्या सुनेला सासरच्या बायकांनी आपल्यात घेतले. परंतु पुढे असे झाले की, सहा सासवांची कामे या एकट्या सुनेकडे आली आणि सासवा हळूहळू माजघरात दिसेनाशा झाल्या. आमच्या आजच्या बोलण्याचा मुद्दा येथूनच सुरू होतो.

हा शब्द आमच्याकडे आला कसा? रुळांवरून आला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. 1854 साली रूळ कल्याणला पोहोचले. 1855 च्या ऑक्टोबरात ते वाशिंदला, म्हणजे शहापूर तालुक्याच्या उंबरठ्यावर आले. 1860 साली आसनगाव, 1861 च्या पहिल्याच दिवशी कसारा, आणि मग थळ घाटाचा कातळ फोडून 1865 च्या आरंभी इगतपुरी. म्हणजे ही गोष्ट आमच्या आटगाव-खर्डीच्या गुराख्याने तेव्हाच डोळ्यांनी पाहिली होती. 

लाईन आली आणि गावांची ओळखच बदलली. पूर्वी माणूस 'माहुलीच्या पायथ्याचा' किंवा 'भातसेकाठचा' होता; आता तो 'कसारा लाईनचा' झाला. कल्याणला रूळ दुभंगतात. एक फाटा कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. नोकरीच्या ठिकाणी पहिली ओळख होते ती, 'आपण कोणत्या लाईनला?' या प्रश्नाने. नदी आणि डोंगर यांनी माणसाची ओळख सांगण्याचे दिवस संपून वेळापत्रकाने सांगण्याचे दिवस आले.

आणि मुरबाड? मुरबाड हा लाईन नसलेला तालुका. कल्याणहून फार दूर नाही, पण रूळ तिकडे वळले नाहीत. कल्याण-मुरबाड लाईनची मागणी कित्येक वर्षांची आहे. अंदाजपत्रकांत तिचे नाव आले, मोजण्या झाल्या. मुरबाडला गाडीची शिटी मात्र अजून ऐकू आलेली नाही. 'आमची लाईन पास झाली' असे मुरबाडकर म्हणतात. ही कागदावरची लाईन. शहापूरकराची लाईन लोखंडाची आणि मुरबाडकराची शाईची. दोघांचा शब्द मात्र एकच.

एरवी मुरबाडला लाईन नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेले की सातवाहनांचे लेणे लागते. त्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आहेत, दक्षिणेत दिलेल्या गाईंचे आणि नाण्यांचे आकडे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे चढत होता. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे; लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. ही खरी व्यापारी लाईन. पण तिची रीत लक्षात ठेवा. ती वाट जेथून जाई, तेथे थांबे. तांडा मुक्काम करी, बैलांना पाणी लागे, माणसांना शिधा लागे. वाटेवरच्या गावाला त्या वाटेतून काही ना काही मिळत असे. वाट गावावरून जात नसे. गावातून जात असे.

आणि आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. मराठीत 'जाणे' हे एक विलक्षण क्रियापद आहे. 'आमच्या गावावरून लाईन गेली' असे आम्ही म्हणतो, तेव्हा अर्थ असा की रूळ, नळ किंवा तारा गावाजवळून पुढे गेल्या. 'आमच्या गावची लाईन गेली' असे म्हणतो, तेव्हा अर्थ असा की वीज बंद पडली. दोन्हीकडे लाईन, दोन्हीकडे गेली. पहिल्यात अभिमान आहे, दुसऱ्यात अंधार आहे. आमच्या दोन तालुक्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास लिहायचा झाला, तर या दोन वाक्यांत लिहिता येईल.

पाण्याचीच गोष्ट घ्या. तानसा धरण 1892 साली पुरे झाले. ते शहापूर तालुक्यात. त्याचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाऊ लागले. 1957 साली वैतरणेवर मोडक सागर झाला, तोही याच डोंगराळ मुलखात. 1980 च्या दशकात भातसा धरण झाले, ते पुन्हा शहापूर तालुक्यात. मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळते, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे असते. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण. त्याचे पाणी ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना जाते; त्याची उंची वाढत गेली, तसतसे मुरबाड तालुक्यातले गावपाडे पाण्याखाली गेले. तेथेही एक लाईन असते. मोजणीदार डोंगराच्या कडेने खुणेचे दगड लावत जातो. पाणी येथपर्यंत चढणार. ती बुडिताची लाईन. दगडाच्या वर असलेले घर राहते, खाली असलेले जाते. इतकी सरळ आणि इतकी निष्ठुर लाईन दुसरी नसेल.

आता याच तालुक्यांत मार्च-एप्रिलमध्ये काय होते ते आपण वर्तमानपत्रांतून दरवर्षी वाचता. पावसाळ्यात जेथे 100 इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तेथे उन्हाळ्यात टँकर लागतो. याला कारणे आहेत, आणि ती नीट समजून घेतली पाहिजेत. नुसत्या संतापाने विहीर भरत नाही. आमचा खडक काळा बेसॉल्ट. तो पाणी धरून ठेवीत नाही. पडलेले पाणी उतारावरून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत निघून जाते. धरणे दरीत आहेत, पाडे टेकडीवर. धरणातून मुंबईकडे पाणी न्यायचे तर बऱ्याच अंतरापर्यंत उतारच कामास येतो. त्याच धरणातून वरच्या पाड्यावर पाणी न्यायचे तर पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेचे बिल भरायला ग्रामपंचायतीकडे पैसा हवा. कित्येक ठिकाणी टाकी उभी राहिली, घरापुढे नळ बसले, मात्र मूळ उद्भव उन्हाळ्यात आटला. तेथे लाईन आहे, पाणी नाही. कागदावर विचाराल तर गावात लाईन आलेली आहे. ते खोटेही नाही!

मग टँकर येतो. तो बहुधा गावच्या विहिरीत पाणी ओततो आणि बायका ते शेंदून काढतात. तेथे दुसरी लाईन लागते. या लाईनीत माणसे उभी असतातच असे नाही. हंडे उभे असतात. कळशी, हंडा, प्लॅस्टिकचा ड्रम, फुटकी बादली. ज्याचे भांडे, त्याचा नंबर. बाई घरी भाकऱ्या थापीत असते आणि तिचा हंडा तिच्या वतीने तिष्ठत असतो. त्या लाईनीचाही एक कायदा आहे. दुसऱ्याचा हंडा कोणी सरकवायचा नाही. बाळंतिणीच्या घरचा आणि म्हातारीचा हंडा पुढे घ्यायचा. हा कायदा कोठे लिहिलेला नाही, पण तो पाळला जातो. मुंबईला जाणारी मोठी लाईन पोलादाची आहे, आणि तिच्यापासून काही मैलांवर ही हंड्यांची लाईन आहे. दोन्हींत पाण्याचाच प्रश्न आहे, आणि भाषेने दोन्हींना एकच नाव दिले आहे.

श्रोतेहो, आम्ही येथे शहराविरुद्ध फिर्याद मांडायला आलेलो नाही. मुंबईच्या चाळीत आणि झोपडपट्टीत नळाच्या तोटीपुढे पहाटे तीनला रांग लावणाऱ्या बाया आमच्याच गावच्या लेकी आहेत. मुंबई तहानलेली राहावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, प्रत्येक लाईनीला दोन टोके असतात, आणि 'लाईन' हा शब्द ती टोके झाकून टाकतो. नदी म्हटले की उगम आणि मुख आठवतात. वाट म्हटले की कोठून कोठे, हा प्रश्न आपोआप येतो. तार म्हटली की खांब येतो. पण 'लाईन' म्हटले की मध्यलाच पट्टा तेवढा दिसतो, आणि तो आपल्या गावावरून जातो एवढ्यावरच मन समाधान मानते.

टोके ओळखणारी माणसे आमच्याकडे होऊन गेली आहेत. 1942 च्या चळवळीत भाई विठ्ठल कोतवाल यांनी माथेरान-कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत आझाद दस्ता उभारला. त्या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. ज्या शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या घरांत रॉकेलची चिमणीही पुरती जळत नव्हती, त्यांच्या डोक्यावरून या तारा जात होत्या. त्या तारांचे दुसरे टोक कोठे आहे, त्यावर कोणाचे कारखाने आणि कोणाचे युद्ध चालते, हे त्या लोकांनी अचूक ओळखले होते. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. आज राज्य आपले आहे, लाईनही आपली आहे. ती तोडायची नाही. पण तिची टोके ओळखण्याची त्यांची दृष्टी आपण का सोडावी?

कारण लाईनी संपलेल्या नाहीत. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. 'आमच्या शेतातून लाईन गेली' असे पुन्हा एकदा म्हटले गेले. काहींना मोबदला मिळाला, काहींची घरे उठली, काहींच्या शेताचे दोन तुकडे झाले. या रस्त्याची बैलगाडीशी ओळख नाही, आणि ठरल्या जागेखेरीज त्याच्यावर चढता-उतरता येत नाही. नाणेघाटाची वाट आणि हा महामार्ग यांत वेगाचा फरक आहेच. परंतु त्याहून मोठा फरक थांबण्याचा आहे.

आता दोन न दिसणाऱ्या लाईनींविषयी बोलू. पहिली दारिद्र्यरेषेची. येथे मराठीने 'रेषा' हा चांगला शब्द योजला आहे. 1971 साली पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर जे लेखन प्रसिद्ध केले, त्याने ही रेषा देशाच्या चर्चेच्या मध्यभागी आणली. माणसाला दिवसाला किती उष्मांक मिळतात, यावर त्यांनी ती बसवली होती. म्हणजे या रेषेच्या मुळाशी भाकरी होती. पण आमच्या पाड्यांवर कोणी दारिद्र्यरेषा म्हणत नाही. तेथे शब्द आहे 'बीपीएल'. यातले शेवटचे अक्षर म्हणजे आपली लाईनच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर कागदावर 'प्राधान्य कुटुंब' असे नाव आले, तरी तोंडातले बीपीएल गेले नाही. 'आमचे नाव बीपीएलमध्ये बसले' असे माणूस आनंदाने सांगतो. 'बीपीएलमधून उडाले' म्हणताना त्याचा चेहरा उतरतो. बाकी सर्व लाईनींत माणूस पुढे सरकू पाहतो. हीच एक लाईन अशी, की जिच्या वर गेलेला माणूस रडतो. कारण वर गेला म्हणजे त्याचे पोट वर आले असे नव्हे. फक्त धान्य खाली राहिले.

दुसरी न दिसणारी लाईन म्हणजे 'ऑनलाईन'. हा शब्द आमच्याकडे नाम झालेला आहे. 'माझे ऑनलाईन झाले नाही', 'आधी ऑनलाईन करून आण' अशी वाक्ये तहसील कचेरीच्या आवारात दिवसभर ऐकू येतात. सात-बारा ऑनलाईन, दाखला ऑनलाईन, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पूर्वी ज्या कागदासाठी चार हेलपाटे पडत, तो आता घटकेत निघतो. पण केव्हा? रेंज असेल तेव्हा. 2020 साली साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण 'ऑनलाईन' झाले, तेव्हा डोंगरातल्या कित्येक पाड्यांना या शब्दाचा खरा अर्थ कळला. या लाईनीला तार नाही, खांब नाही, रूळ नाही. त्यामुळे ती आपल्या गावापर्यंत आली आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाला डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही. विजेची तार नसली तर निदान दाखवता येते. नसलेली रेंज दाखवणार कशी? आणि एवढे करून ऑनलाईन करण्यासाठी माणूस तालुक्याला येतो, सेवा केंद्रापुढे उभा राहतो, आणि उभा राहतो तो कशात? लायनीत!

येथे कोणी भाषाशुद्धीचे अभिमानी विचारतील, की मग हा शब्द टाकूनच का देऊ नये? राज्य झाल्यावर 1960 साली सरकारने भाषा संचालनालय स्थापन केले. आपल्या कारभाराला मराठी परिभाषा मिळाली. लोहमार्ग, जलवाहिनी, वीजवाहिनी हे शब्द कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत आले. हे शब्द कृत्रिम म्हणून त्यांची थट्टा होते. खेड्यातली एखादी आजी 'वीजवाहिनी'ला 'वीजवहिनी' म्हणते. आम्ही म्हणतो, वहिनी असती तर फार बरे झाले असते. दारावरून जाताना तिने पाणी तरी विचारले असते! पण थट्टा बाजूला ठेवून पाहा. 'वाहिनी' हा शब्द प्रामाणिक आहे. वाहून नेते ती वाहिनी. ती काही तरी नेते आहे, हे तिच्या नावातच कबूल केलेले आहे. काय नेते, कोठून नेते, कोणाकडे नेते, हे प्रश्न त्या शब्दाला चिकटूनच येतात.

तरीही आम्ही 'लाईन' टाकून द्या असे म्हणत नाही. जो शब्द पाणी भरणाऱ्या बाईच्या तोंडी बसला, तो परका राहिला नाही. महावितरणने आपल्या लाईनमनला 'जनमित्र' हे गोड नाव दिले. पण वादळात तार तुटली की गावकरी 'लाईनमन कुठे आहे?' असेच विचारतात, आणि तो भर पावसात खांबावर चढतो तेव्हा त्याचे नाव काय आहे याची कोणाला पर्वा नसते. शब्द राहू द्या. आमचा आग्रह दुसराच आहे. बोलण्यात लाईन म्हणा, परंतु मागण्यात लाईन म्हणू नका.

याचा अर्थ असा. ग्रामसभेच्या ठरावात आणि अर्जात आमची माणसे लिहितात, 'आमच्या पाड्यास लाईन मिळावी.' हा अर्ज मंजूर करणे फार सोपे आहे. पाड्याजवळून तार गेली, अर्ज निकालात! नळ पुरले, अर्ज निकालात! पाड्याने मागितली लाईन, त्याला मिळाली लाईन. मागायला हवे होते ते वेगळेच. 'इतक्या घरांना वीजजोडणी मिळावी.' 'मे महिन्यात माणशी इतके लिटर पाणी घरच्या नळाला यावे, आणि त्यासाठी न आटणारा उद्भव धरावा.' 'सकाळच्या या वेळेला गाडी थांबावी.' येथे लाईन या शब्दाची गरजच राहिली नाही, आणि टाळाटाळीची जागाही राहिली नाही. सहा सासवांना माजघरातून बाहेर बोलवा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. रांग म्हणजे रांग, तार म्हणजे तार, नळ म्हणजे नळ, जोडणी म्हणजे जोडणी. गरिबाच्या अर्जात शब्द मोघम असला तर त्याचे मोल गरिबालाच द्यावे लागते.

अशी नेमकी मागणी केली की काही घडते, याचीही चिन्हे आहेत. इगतपुरीजवळच्या भावली धरणाचे पाणी उताराने शहापूर तालुक्याकडे उतरवण्याची योजना मंजूर झालेली आहे. तिच्यामागचा विचार सोपा आहे. दरीतले पाणी पंपाने वर चढवण्यापेक्षा घाटमाथ्यावरचे पाणी खाली सोडा. म्हणजे प्रथमच एखाद्या लाईनीचे घेण्याचे टोक आमच्याकडे असेल. ती पुरी होऊन शेवटच्या पाड्याच्या तोटीला पाणी येईल, तेव्हाच आम्ही 'लाईन आली' म्हणू. नळ पुरले त्या दिवशी म्हणणार नाही.

आणि आता आपल्याविषयी दोन शब्द, आणि मग पुरे. आपण शहरात राहता. आपल्या स्वयंपाकघरातला नळ हे एका लाईनीचे टोक आहे, भिंतीवरचे बटण हे दुसऱ्या लाईनीचे. आपण लाईनीच्या सुखाच्या टोकाला आहात, हा आपला अपराध नव्हे. कोणीतरी त्या टोकाला असायचेच. परंतु दोरी ताणलेली असते ती दोन्ही टोकांना कोणीतरी धरून ठेवल्यामुळे. एका हाताने धरलेली दोरी ताणत नाही, ती लोंबते. भातसा-तानशाच्या काठची माणसे ही दोरी दुसऱ्या बाजूने धरून उभी आहेत. त्यांच्या पाड्यावर टँकर येतो की नळ, हा प्रश्न विधानसभेत, पालिकेत किंवा वर्तमानपत्रात निघेल तेव्हा तो 'दुर्गम भागाचा प्रश्न' म्हणून पान उलटू नका. तो आपल्याच लाईनीचा प्रश्न आहे.

सुताला आपण आणखी एका अर्थाने मानतो. वडाच्या बुंध्याला गुंडाळतो, राखीच्या दिवशी मनगटावर बांधतो. म्हणजे सूत हे केवळ सरळ जाण्याचे साधन नाही. ते बांधिलकीचेही चिन्ह आहे. जवसाच्या धाग्यापासून निघालेल्या या इंग्रजी शब्दाला आमच्या तालुक्यांत एवढे अर्थ चिकटले, त्यात हा एक अर्थ तेवढा चिकटायचा राहून गेला आहे. तो चिकटवण्याचे काम कोशकाराचे नव्हे. ते आपणा सर्वांचे आहे.